अरण्य, माळ आणि खाडी : जीवसमूहांच्या शास्त्राची प्रस्तावना

दाभोळच्या खाडीच्या मुखाशी चिखलात पाय रोवून उभ्या असलेल्या तिवरांपासून निघून, गुहागर-चिपळूणकडील जांभ्याचे सडे ओलांडीत, कुंभार्लीच्या घाटाने सह्याद्रीचा माथा गाठून, तेथील जांभूळ-अंजनीच्या सदाहरित रानात शिरून आणि मग कृष्णेचे खोरे मागे टाकून जो कोणी सावकाशीने म्हसवडच्या माळापर्यंत जाईल, त्याला सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांच्या अंतरात जीवसृष्टीची इतकी परस्परभिन्न रूपे दिसतील की, ही सारी एकाच अक्षांशाच्या पट्टीत आणि बहुतांशी एकाच काळ्या कातळाच्या बैठकीवर नांदत आहेत, हे त्याला सहसा खरे वाटणार नाही. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकाठी सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तेथून शंभर किलोमीटरांच्या आतच फलटण-माणच्या मुलखात तो सरासरी ५०० मिलिमीटरांवर येऊन ठेपतो. पाऊस बदलला म्हणून झाडे बदलली, एवढ्यावर पुष्कळांचे समाधान होते. परंतु एकाच पावसाच्या पट्ट्यात, एकमेकांला लागून असलेला उघडा सडा आणि घनदाट देवराई यांचे जीवन इतके निराळे का. एकाच रानात, त्याच उजेडासाठी आणि त्याच पाण्यासाठी झगडणारी शेकडो प्रकारची झाडे-झुडपे असताना त्यांतील एखादे सर्वांना हुसकावून रानाचे मालक का होत नाही. आणि एक प्राणी नाहीसा झाला असता कोठे काहीच बिघडत नाही, तर कोठे त्याच्यामागून दहा प्राणी का जातात, हे प्रश्न पावसाच्या आकड्यांनी सुटत नाहीत. या प्रश्नांचे जे शास्त्र, त्याची ओळख मराठी वाचकांस करून देण्याच्या हेतूने प्रस्तुत संग्रह सिद्ध झाला आहे.

नामगणना हा या शास्त्राचा पाया असला तरी त्याची इमारत निराळी आहे. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचे जे बृहद् वर्णन प्रसिद्ध केले, त्याच्यावाचून आपल्याकडील कोणाही अभ्यासकाचे आजही पाऊल पुढे पडत नाही. कारण ज्याचे नाव ठाऊक नाही त्याच्याविषयी काही निश्चित बोलणेच अशक्य. पण असा ग्रंथ कोणती वनस्पती कोठे आढळते हे सांगतो, त्या एकत्र का आढळतात हे सांगणे त्याच्या कक्षेत येत नाही. एका ठिकाणी, एका काळी नांदणाऱ्या सर्व सजीवांच्या समुच्चयाला जीवसमूह म्हणावे, आणि त्या समूहाला त्याची माती, पाणी, हवा व ऊन यांसह एकत्र धरले म्हणजे जी एकक वस्तू हाती येते तिला परिसंस्था म्हणावे, असा संकेत आता रूढ झाला आहे. जैवविविधता हा शब्द आज सरकारी परिपत्रकांपासून शालेय निबंधांपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. परंतु तिचा अर्थ प्रजातींची बेरीज एवढाच घेतला, तर त्या प्रजातींना एकत्र टिकवून धरणारे जे संबंध, ते हिशेबातून सुटतात. ते सुटले की रक्षणाच्या सदिच्छेनेच नाश कसा घडतो, याचे उदाहरण पुढे येईल.

झाडांचे समूह उंचीप्रमाणे बदलत जातात, हे अलेक्झांडर फॉन हुंबोल्टने १८०२ मध्ये अँडीज पर्वतातील चिंबोराझो चढताना पाहिले होते, आणि १८६६ मध्ये हेकेलने या अभ्यासाला नावही दिले होते. तरीही समूह या कल्पनेची पहिली स्पष्ट मांडणी एका सरकारी चौकशीच्या निमित्ताने झाली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर कालवांची पैदास वाढविता येईल काय, असा प्रश्न प्रशियाच्या सरकारने कील येथील प्राणिशास्त्रज्ञ कार्ल मोबियस यांच्यापुढे ठेवला. त्यांनी १८७७ मध्ये जे उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा की, कालव हा काही समुद्रतळावर एकाकी राहणारा जीव नव्हे. त्याच्या थरावर शिंपले, कृमी, खेकडे, शैवाले अशी शेकडो सजीवांची वस्ती असते, प्रत्येकाची संख्या इतरांच्या संख्येने आणि तेथील क्षारता, उष्णता व अन्न यांनी बांधलेली असते, आणि कालवे बेसुमार उपसली की त्यांची मोकळी झालेली जागा दुसरेच कवचधारी बळकावतात. या परस्परबद्ध वस्तीला त्यांनी ‘बायोसिनोस’ असे नाव दिले. कोकणातील ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या खडकांवरील कालवे काढून पोट भरले, त्यांना मोबियस यांचे हे निरीक्षण ऐकून नवल वाटणार नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी या शास्त्राचे केंद्र अमेरिकेत सरकले, आणि तेथेच त्याच्या इतिहासातील सर्वांत मोठा वाद उभा राहिला. हेन्री कौल्सने १८९९ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करून दाखविले की, पाण्याच्या कडेपासून आत चालत जाणे म्हणजे काळातून पुढे चालत जाणे आहे: कडेला उघडी वाळू, मग तिला धरून ठेवणारे गवत, मग झुडपे, मग वृक्ष. एका समूहाने दुसऱ्यासाठी जमीन तयार करून द्यावी आणि आपण मागे हटावे, या क्रमाला अनुक्रमण म्हणतात. फ्रेडरिक क्लेमेंट्सने १९१६ मध्ये या कल्पनेला एका भव्य सिद्धान्ताचे रूप दिले. त्याच्या मते वनस्पतिसमूह हा एक प्रचंड देहच आहे. तो जन्मतो, वाढतो, प्रौढ होतो, आणि प्रत्येक हवामानात त्याची एकच प्रौढावस्था, एकच चरम समूह, ठरलेला असतो. याला हेन्री ग्लीसनने १९१७ आणि पुन्हा १९२६ मध्ये हरकत घेतली. समूह म्हणजे देह नव्हे, असे त्याचे म्हणणे. प्रत्येक प्रजाती आपापल्या गरजेप्रमाणे आणि बी जेथे येऊन पडेल त्याप्रमाणे वसते, आणि ज्यांच्या गरजा योगायोगाने जुळतात त्या एकत्र दिसतात, इतकेच. ग्लीसनचे त्या काळी कोणी ऐकले नाही. पुढे १९५६ मध्ये रॉबर्ट व्हिटेकरने ग्रेट स्मोकी पर्वतातील झाडांची उंची व ओलावा यांप्रमाणे शिरगणती केली, तेव्हा समूहांच्या सीमा कोठेच सापडल्या नाहीत; प्रत्येक झाड स्वतंत्रपणे विरळ होत जाऊन दुसरे दाट होत गेलेले दिसले. सरोवरांच्या गाळातील परागकणांनीही हीच साक्ष दिली: हिमयुग सरल्यावर उत्तरेकडे परतलेली झाडे समूहाने परतली नाहीत, प्रत्येक आपल्या वाटेने आणि आपल्या वेगाने परतले. युरोपात तोवर ब्राउन-ब्लांके यांच्या संप्रदायाने समूहांचे वर्गीकरण नावनिशीवार करण्याची पद्धत रूढ केली होती, आणि तिचा आपल्याशी थेट संबंध आला. कारण त्यांच्याच हाताखाली शिकून आलेले एफ. आर. भरूचा यांनी मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये या अभ्यासाची परंपरा सुरू केली, आणि १९५८ मध्ये पश्चिम घाटातील गवताळ प्रदेशांवरील त्यांचे व शंकरनारायण यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. उत्तरेत बनारसला रामदेव मिश्र यांनी याच सुमारास अभ्यासकांची एक संपूर्ण पिढी तयार केली.

हा वाद परदेशी पंडितांचा असला तरी त्याचा निकाल आपल्या माळांवर लागला आहे, आणि या प्रस्तावनेत मला विशेष आग्रहाने सांगावयाचे आहे ते हेच. क्लेमेंट्सची घडण नेब्रास्काच्या गवताळ मैदानात झाली होती, आणि त्या मैदानाला त्याने तेथील हवामानाचा चरम समूहच मानले होते. पण त्याची चौकट भारतात आली तेव्हा वनशास्त्रज्ञांनी पर्जन्यमानावरून असे अनुमान बांधले की, दख्खनच्या या मुलखात वास्तविक झाडांचे रान असावयास हवे, आणि ज्याअर्थी ते नाही त्याअर्थी कुऱ्हाड, वणवा व गुरे यांनी ते मोडले असले पाहिजे. हॅरी चॅम्पियनच्या १९३६ च्या वनवर्गीकरणात ही दृष्टी आहे, आणि १९७३ मध्ये दबडघाव व शंकरनारायण यांनी प्रसिद्ध केलेल्या भारतीय गवताच्या विस्तृत पाहणीतही पवन्या व मारवेल यांचे प्रदेश अनुक्रमणाच्या वाटेवर अडकलेली अवस्था म्हणूनच नोंदले गेले. गवत म्हणजे रान होऊ न शकलेली जमीन, असा समज येणेप्रमाणे शास्त्राच्या मुद्रेसह प्रचलित झाला.

या समजाला महसुली दप्तराने आधीच जागा करून ठेवली होती. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जी जमीनमोजणी आरंभली आणि जी पुढे सबंध मुंबई इलाख्याच्या जमाबंदीचा नमुना ठरली, तिने मातीची खोली व कस पाहून प्रत्येक शेताची प्रत आण्यांत लावली. शेतकऱ्यावरील साऱ्याचा बोजा न्याय्य व्हावा हा तीमागील हेतू प्रामाणिक होता, आणि पूर्वीच्या अंदाधुंद आकारणीपेक्षा ती पद्धत कितीतरी बरी होती, याविषयी दुमत नसावे. परंतु जेथे नांगर चालत नाही ते सारे तिने खराबा, पोटखराबा आणि पडीक या सदरांत टाकले. आणि ती सदरे आजतागायत सातबाऱ्यावर कायम आहेत. इंदापूर हा तालुका खुद्द गवताळ माळांच्या मुलखातील, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जी जमीन साऱ्याच्या दृष्टीने निरुपयोगी, ती जीवसृष्टीच्या दृष्टीनेही रिकामी असली पाहिजे, अशी समजूत एकदा दप्तरात शिरली म्हणजे ती बाहेर काढणे किती कठीण, याचा अनुभव माळांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला आहे.

वस्तुतः हे माळ फार प्राचीन आहेत. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची शहामृगाच्या अंड्यांची कवचे आणि त्यांचे मणी सापडले. शहामृग हा दाट रानात राहणारा पक्षी नव्हे. शिरूर तालुक्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत काळविटाची हाडे मिळाली, आणि काळवीट हाही मोकळ्या मुलखाचाच प्राणी. जुन्या मराठी वाङ्मयात आणि धनगरांच्या ओव्यांत या भागाचे जे वर्णन येते, त्यात तरवड, हिवर, खैर, बाभूळ अशी विरळ रानाची व उघड्या माळाची झाडेच पुन्हा पुन्हा भेटतात. वनस्पतींची साक्ष तर याहून बळकट. कंदीलपुष्पांच्या कित्येक प्रजाती महाराष्ट्राच्या उघड्या, गवताळ उतारांवरच वाढतात आणि जगात अन्यत्र कोठेही सापडत नाहीत. उघडीप त्यांच्या जीवनाची अटच आहे. हे माळ जर कालपरवा जंगलतोडीतून निर्माण झाले असते, तर अशा प्रजाती उत्क्रांत होण्याइतका अवधी त्यांना मिळाला कोठून? त्या गवताच्या आधाराने लांडगा, खोकड, चिंकारा, माळढोक, तणमोर असा एक संपूर्ण जीवसमूह उभा राहिला, आणि तो मेंढपाळाच्या कळपांसह शतकानुशतके नांदला.

समूहांची रचना पाहण्याची दुसरी दृष्टी ऊर्जेची होय. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन याने स्पिट्सबर्गेनच्या ओसाड, थंड बेटांवर, जेथे प्राणी थोडे आणि म्हणून त्यांचे व्यवहार उघडे, तेथे कोण कोणास खातो याचा शोध घेतला, आणि १९२७ च्या आपल्या ग्रंथात अन्नसाखळी व संख्येचा मनोरा या कल्पना मांडल्या. आर्थर टान्स्लीने १९३५ मध्ये क्लेमेंट्सच्या देहवादावर टीका करताना परिसंस्था ही संज्ञा प्रथम छापली. पण तिच्यात प्राण ओतला तो रेमंड लिंडेमनने. मिनेसोटातील सीडर बॉग या लहानशा तळ्याचा त्याने वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि शैवालापासून माशापर्यंत ऊर्जा पायरीपायरीने कशी चढते व प्रत्येक पायरीवर तिचा मोठा हिस्सा उष्णतेच्या रूपाने कसा खर्ची पडतो, याचा हिशेब मांडला. परीक्षकांनी त्याचा निबंध प्रथम नाकारला. त्याचे मार्गदर्शक हचिन्सन यांच्या रदबदलीने तो स्वीकारला गेला. आणि १९४२ मध्ये तो छापून येण्यापूर्वीच, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, लिंडेमन निवर्तला. रानात हरणे पुष्कळ आणि वाघ थोडे का, या प्रश्नाचे उत्तर त्या हिशेबात आहे. आणि वाघाला एवढा विस्तीर्ण मुलूख का लागतो याचेही.

आता मूळ कोड्याकडे वळावयाचे, ते म्हणजे इतके प्रकार एकत्र टिकतात कसे. मॉस्कोच्या गाउझने १९३४ मध्ये काचेच्या नळ्यांत दोन प्रकारचे सूक्ष्मजीव एकाच अन्नावर ठेवले, तेव्हा एकाने दुसऱ्याचा निःपात केला. तोच नियम सर्वत्र लागू असता, तर पृथ्वीवर फारच थोडे विजेते उरले असते. हचिन्सन यांनी १९५९ मध्ये प्राण्यांचे इतके प्रकार का, असा सरळ प्रश्न विचारला आणि १९६१ मध्ये पाण्यात तरंगणाऱ्या शैवालांच्या असंख्य प्रजातींचे कोडे पुढे केले. त्यांचा शिष्य रॉबर्ट मॅकआर्थर याने १९५८ मध्ये एका उत्तराची दिशा दाखविली होती. अमेरिकेच्या ईशान्येकडील सूचिपर्णी वृक्षांवर पाच जातींचे वटवटे एकाच वेळी किडे टिपताना दिसतात; त्याने घटका-घटका निरीक्षण करून सिद्ध केले की, कोणी शेंड्याच्या कोवळ्या फांद्या झाडतो, कोणी मधला भाग, कोणी खोडालगतचा, आणि एकाच वाड्यातील बिऱ्हाडांप्रमाणे प्रत्येकाचे दालन आणि वहिवाट ठरलेली आहे.

परंतु वाटणीने सारा उलगडा होत नाही, हे वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर रॉबर्ट पेन याने दाखवून दिले. माका उपसागराच्या खडकांवरून त्याने एका विशिष्ट तारामाशास हटविण्याचा क्रम चालू ठेवला. तेव्हा त्याच्या भक्ष्यस्थानी असलेल्या शिंपल्यांनी सगळा खडक व्यापला आणि पंधरा प्रजातींच्या ठिकाणी आठच उरल्या. त्याचा हा निबंध १९६६ चा. जो खाऊन संख्या कमी करतो तोच विविधता राखतो, या निष्कर्षाने पुष्कळांना धक्का बसला. संख्येने थोडा पण ज्याच्या जाण्याने सारी रचना ढासळते अशा जीवाला त्याने पुढे कळीचा जीव म्हटले. आपल्या रानांत हे स्थान उंबराच्या कुळाला आहे. उंबर, वड, पिंपळ, पायर आणि त्यांचे रानटी भाईबंद यांची फळे वर्षाच्या निरनिराळ्या वेळी पिकतात, आणि इतर झाडे रिकामी असतात तेव्हा धनेश, हरियाल, शेकरू, वटवाघळे यांची भूक तीच भागवितात. उंबराच्या फळात किडे असतात हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. पण त्यांतील इवल्याशा गांधीलमाशीवाचून त्या झाडाला बीच धरत नाही, आणि जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या उंबराची माशी निराळी असते, हे थोड्यांना ठाऊक असते. ती माशी गेली तर झाड वांझ होईल, झाड गेले तर धनेश उपाशी राहील, आणि धनेश गेला तर ज्यांची मोठी बी तो दूरवर नेऊन टाकतो त्या वृक्षांची पुढची पिढी खुंटेल.

तिसरे कारण उपद्रवाचे आहे, आणि ते कासच्या पठारावर जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल. जांभ्याच्या कातळावर बोट-दोन बोटे माती; पावसाळ्यात ती पाण्याने भरलेली, उन्हाळ्यात तव्यासारखी तापलेली, आणि नत्राच्या दृष्टीने दरिद्री. मोठ्या झाडाला येथे थारा नाही, आणि उंच गवतालाही सर्वत्र बस्तान मांडता येत नाही. नेमक्या या दारिद्र्यामुळे भाद्रपदात तेथे गेंद, तेरडा, सीतेची आसवे, दवबिंदू अशा लहान लहान वनस्पतींची दाटी होते. त्यांतील सीतेची आसवे आणि दवबिंदू तर मातीत नसलेले नत्र किडे पकडून मिळवितात. तळ्याच्या व डबक्यांच्या कडेने साताऱ्याचेच नाव धारण करणारा वायतुरा फुलतो. खत घालून ही माती सुपीक केली, तर ही सारी विविधता काही वर्षांत दोन-तीन जोमदार गवतांखाली दडपून जाईल. चराईच्या बाबतीत तेथे वारंवार वाद झाला आहे, आणि त्यात जोसेफ कॉनेलने १९७८ मध्ये मांडलेला विचार मार्गदर्शक ठरावा: उपद्रव अजिबात नसेल तर बलिष्ठ प्रजाती इतरांना दडपतात, अतिरेकी असेल तर थोड्याच तग धरतात, आणि मध्यम असेल तेव्हा सर्वाधिक प्रकार नांदतात. सर्व ठिकाणी हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही, हेही पुढील संशोधनाने दाखविले आहे. तेव्हा गुरे किती, केव्हा आणि कोठे, हे मोजून ठरविल्याशिवाय कुंपणाचा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उष्ण कटिबंधातील वृक्षांविषयी जॅन्झेन आणि कॉनेल यांनी १९७० च्या सुमारास स्वतंत्रपणे सुचविले की, मातृवृक्षाच्या पायाशी त्याच्याच कीड-रोगांची गर्दी असल्याने तेथे त्याची पोरे वाढत नाहीत आणि परक्या रोपांना संधी मिळते. स्टीफन हबेल याने २००१ मध्ये याहून धाडसी मत मांडले, की प्रजातींमधील भेद बाजूस ठेवून केवळ जन्म, मृत्यू व स्थलांतर यांच्या योगायोगानेही पुष्कळशी विविधता समजावता येते. हे वाद अनुमानाने मिटत नाहीत. त्यासाठी पनामातील बारो कोलोराडो बेटावर १९८० पासून आणि आपल्याकडे मुदुमलाईत १९८८ पासून पन्नास हेक्टरांच्या तुकड्यातील प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन मोजणी चालू आहे. मोठ्या विविधतेने परिसंस्था स्थिर होते काय, या प्रश्नावरही रॉबर्ट मे याच्या १९७२ च्या गणिताने नकार दिला होता. परंतु मिनेसोटातील सीडर क्रीक येथे १९८७-८८ च्या अवर्षणात अधिक प्रजातींचे गवताळ वाफे कमी होरपळले, असे टिलमन व डाउनिंग यांना १९९४ मध्ये दाखविता आले. दुष्काळी मुलखात राहणाऱ्या आपण या निष्कर्षाकडे कानाडोळा करू नये.

देवरायांचा विचार येथे स्वाभाविकपणेच येतो. १९६७ मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन यांनी बेटांचा सिद्धान्त मांडला, त्यानुसार लहान व दूरच्या बेटावर प्रजाती थोड्या टिकतात, कारण तेथे नष्ट होणे लवकर आणि नव्याने येऊन वसणे उशिरा होते. त्याच दशकाच्या पाठोपाठ माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा पद्धतशीर शोध घेतला आणि १९७६ मध्ये त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. श्रद्धेने राखलेली ही राने आता शेते, रस्ते व बागा यांच्या समुद्रातील बेटे झाली आहेत. आतील महावृक्ष आणि गारंबीचे अजस्र वेल अद्याप उभे आहेत. पण त्यांची रोपे, त्यांचे परागवाहक आणि त्यांची बी वाहून नेणारे पक्षी आहेत काय, हे पाहिल्यावाचून देवराई सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. ज्या देवराईचा जीर्णोद्धार म्हणून झाडझाडोरा साफ करून फरशी घातली जाते, तिचा देव राहिला तरी समूह जातो.

आजच हा संग्रह काढण्याची निकड का वाटली, याचे उत्तर वरील विवेचनात बरेचसे आले आहे. २०१७ ते २०१९ या काळात महाराष्ट्रात पन्नास कोटी वृक्षांच्या लागवडीचा संकल्प झाला. झाडांविषयीची ती आस्था खरी होती. परंतु पडीक म्हणून नोंद असलेले माळ सर्वांत सहज उपलब्ध, म्हणून चर खणून गिरिपुष्पासारखी परकी झाडे तेथे लावली जातात. आणि ज्या भूमीवर काळवीट धावावे, माळढोकाने अंडी घालावी, तेथे सावली पडते. नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, रेहेकुरीला १९८० मध्ये काळविटांसाठी. काळवीट सावरला, माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ गेल्यात जमा आहे. किनाऱ्यावर कांदळवनांची किंमत पुरांनी आणि वादळांनी आपल्याला शिकविली, पण गोव्यातील खाजन जमिनींची व्यवस्था, जिच्यात बांध आणि मानस (पाण्याची ये-जा राखणारी दारे) यांच्या योगाने भात, मासे, मीठ व कांदळवन ही एकाच भरती-ओहोटीवर चालत आणि गांवकारी या ग्रामसंस्थेच्या सामायिक जबाबदारीने राखली जात, ती बांध फुटून ठिकठिकाणी मोडत चालली आहे. माणसाने चालविलेली परिसंस्थाही विविधता राखू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही त्यांत आली. तो गौरव उचित आहे. त्या यादीत दख्खनचा एकही माळ नाही.

या संग्रहातील लेख प्राण्या-वनस्पतींच्या नावांनुसार लावलेले नाहीत. कोण कोणास खातो, कोण कोणाचे बी वाहतो, आग-पाणी-चराई कोणाला फावते, तुकडे झालेल्या रानात काय उरते, अशा संबंधांनुसार त्यांची मांडणी केली आहे. आणि खाडी, सडा, घाटमाथा, माळ व शेत यांना जाणूनबुजून समान मान दिला आहे. लेखकांत वनस्पतिशास्त्राचे अध्यापक आहेत तसे क्षेत्रावर आयुष्य घालविलेले वनकर्मचारी आहेत, आणि मेंढपाळांच्या व मच्छीमारांच्या तोंडून ऐकलेल्या माहितीला त्यांनी पाहणीच्या बरोबरीने जागा दिली आहे. परिभाषा शक्य तेथे मराठी ठेवली असून जेथे गावातील शब्द उपलब्ध आहे तेथे तोच घेतला आहे. सर्व लेख एकमताचे नाहीत. चराईच्या प्रश्नावर तर दोन लेखांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध आहेत, आणि संपादकांनी ते तसेच राहू दिले याबद्दल मी त्यांचे अभिनंदन करतो. उणीव दाखवावयाची तर मातीतील बुरशी व जंतू यांचा समूह, जो या सर्वांचा आधार, त्याला दोनच लेख लाभले आहेत. पुढील आवृत्तीत ती भरून यावी.

वाचकांस एकच विनंती आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या नेमल्या गेल्या असून गावातील जीवसृष्टीची नोंदवही त्यांनी ठेवावयाची असते. आपल्या गावची ती नोंदवही ग्रामपंचायतीत जाऊन पाहावी. गायरान आणि पोटखराबा यांचे पान त्यात कोरे असल्यास, गावातील जाणत्या मेंढपाळास बरोबर घेऊन ते भरण्याच्या कामी समितीस साह्य करावे. गवतांची ओळख त्यांच्या तुऱ्यांवरून पटते, म्हणून हे काम सप्टेंबर-ऑक्टोबरात, गवत कापणीला येण्यापूर्वी करावे.